पहाटेची डोकेदुखी अंगावर काढू नका

डोके दुखले की आपल्या घरात आधी बाम येतो, मग चहा, मग गोळी. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते, कारण डोके दुखणाऱ्या बहुतेकांच्या मेंदूत गाठ नसते. परंतु एक डोकेदुखी निराळी असते. ती पहाटे झोपेतून उठवते, खोकताना-वाकताना वाढते, तिच्यासोबत अचानक उलटी होते आणि आठवड्यागणिक ती बळावत जाते. कवटी ही हाडाची बंद पेटी. आत गाठ वाढली की दाब वाढतो. रात्रभर आडवे राहिल्याने तो आणखी वाढतो.

मुलांच्या बाबतीत हमखास फसगत होते. शाळेच्या वेळी उलटी करणारे पोर ढोंग करते असे समजून मार खाते, नाहीतर त्याला जंताचे औषध मिळते. ते चालताना झोकांड्या खात असेल, मान एका बाजूला कलती ठेवत असेल, तर आईने डॉक्टरांना हेही आवर्जून सांगावे. डोळ्यांचे डॉक्टर आतला पडदा तपासतात, तेव्हा मेंदूवरील दाबाने आलेली सूज त्यांना दिसू शकते.

मोठ्या माणसाला प्रथमच फिट आली तर कुशीवर वळवावे. कांदा, चप्पल हुंगवू नये; भगताकडे तर नेऊच नये. एकाएकी बदललेला स्वभाव, न सापडणारे शब्द ही ‘बाहेरची बाधा’ नव्हे.

गाठ मज्जारज्जूजवळ असेल तर पाठ रात्री जास्त दुखते, पाय जड होतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. लघवी अडली तर मालीश करत न बसता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. पाय पुरते लुळे पडल्यावर पुन्हा चालता येईलच असे नाही.

सी.टी. स्कॅन, एम.आर.आय.ने गाठ दिसते. तिची जात मात्र बहुधा तुकडा तपासूनच कळते. मेनिंजिओमा ही गाठ बहुतांशी कर्करोगाची नसते. अनेकांना एका शस्त्रक्रियेने भागते. ग्लायोब्लास्टोमा क्रूर. तिथे शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि २००५ पासून रूढ झालेल्या टेमोझोलोमाइडच्या गोळ्या आयुष्य वाढवतात, पण मूळ सहसा उखडत नाही. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने रुग्ण दोन-तीन दिवसांत हिंडू लागतो आणि घरचे म्हणतात, बरा झाला, चला घरी! गाठ तिथेच असते. ते औषध आपल्या मनाने बंदही करू नये.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुन्या सगळ्या फिल्म सोबत न्याव्यात.