माहिती चौकट : धुळीतलं शिसं आणि पोटातलं बाळ

  

• धूळ : १९९३मध्ये अख्तर व मदानी या संशोधकांनी बहरीनमधल्या रस्त्यांवरच्या आणि घरांतल्या धुळीतले जड धातू मोजले. शिशाचा एक मोठा स्रोत म्हणजे शिसंयुक्त पेट्रोल. रस्त्यावरच्या वाहनांसाठीची त्याची विक्री जगभरात २०२१मध्ये संपली. पण शिसं कुजत नाही, मातीत वर्षानुवर्षं राहतं.

• बाळापर्यंत कसं? शिसं वार ओलांडतं. आईच्या हाडांत साठलेलं शिसंही गर्भारपणात रक्तात उतरतं.

• परिणाम : अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन, मेंदूच्या वाढीत अडथळा. लहान मुलं गिळलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित पातळी नाही.

• डोहाळे : माती खावीशी वाटणं हे अनेकदा रक्तक्षयाचं लक्षण असतं. लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं.

• सुरमा : पारंपरिक सुरम्यात शिशाचं सल्फाइड असू शकतं.

काय कराल? फरशी ओल्या फडक्यानं पुसा. चपला दाराबाहेर ठेवा. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या. तीट लावायचीच तर पायाला लावा. बाळाच्या डोळ्यांत सुरमा-काजळ घालू नका.