अँटिबायोटिकची अर्धी मात्रा, वस्तीचे पूर्ण नुकसान

हिंगोली जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी, सेनगाव अशा कोणत्याही बाजाराच्या गावी संध्याकाळी मेडिकलच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहावे. हळदीच्या रानातून थेट आलेली एखादी मजूर बाई म्हणते, "ताप आहे, घसा धरलाय, पावरची गोळी द्या. दोनच दिवसांच्या द्या, पैसे तेवढेच आहेत." दुकानदार पाकिटाला कात्री लावतो आणि चार गोळ्या हातावर ठेवतो. चिठ्ठी कोणी मागत नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. उरलेल्या दोन गोळ्या कोनाड्यात जातात आणि महिन्याभराने शेजारच्या लेकराला दिल्या जातात. हे चित्र आपल्या वस्त्यांना इतके सवयीचे झाले आहे की, यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतच नाही.

चुकते काय, हे समजून घेतले पाहिजे. 'पावरची गोळी' म्हणून जी दिली जाते ती बहुतेक वेळा अँटिबायोटिक असते. हे औषध जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबवते. पिकलेली जखम, न्यूमोनिया, टायफॉईड, लघवीचा जंतुसंसर्ग अशा आजारांत ते जीव वाचवते. पण सर्दी, फ्लू, डेंग्यू हे आजार विषाणूंचे आहेत. त्यांच्यावर हे औषध काडीचेही काम करीत नाही. सर्दी चार-पाच दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय गोळीला मिळते. तीच गत लहान मुलांच्या जुलाबाची. बहुतेक जुलाबांत लेकराला गरज असते ती जलसंजीवनीची, अँटिबायोटिकची नव्हे. मात्र शौचातून रक्त पडत असेल तर दवाखाना गाठलाच पाहिजे.

हे औषध माणसाला फुकट मिळालेले नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग हा जिवाणूंचा रोग आहे. आज तो वेळीच ओळखला तर अँटिबायोटिकने बरा होतो, पण तेव्हा असे औषध जगात कोणाकडेच नव्हते. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. पुढे १९५४ साली त्याच पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. गरिबालाही पेनिसिलिन मिळावे, हा त्यामागचा विचार होता.

परंतु १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनीच एक इशारा दिला होता. अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट त्याला दाद न देण्यास शिकतील, असे त्यांचे म्हणणे होते. आज तेच घडते आहे. अर्धवट किंवा विनाकारण औषध घेतले की कमजोर जंतू मरतात आणि चिवट जंतू मागे राहून वाढतात. ते एकाच्या अंगावर थांबत नाहीत. घरात, वस्तीत, दवाखान्याच्या वॉर्डात पसरतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

यात सर्वात आधी कोण मरतो? साधी गोळी लागू पडली नाही तर पैसेवाला मोठ्या शहरातील रुग्णालयात जातो आणि महागडी इंजेक्शने घेतो. रोजंदारीवरच्या माणसाला तो मार्ग बंद असतो. म्हणजे स्वस्त औषध निकामी होणे हे गरिबाचेच मरण आहे. म्हणून हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही, आपला आहे.

मग दोष त्या मजूर बाईचा का? मुळीच नाही. दवाखान्यात गेले तर दिवसाची मजुरी बुडते. उसतोडीच्या फडावर तर जवळपास डॉक्टरही नसतो. चार गोळ्या ती अज्ञानाने कमी आणि नाइलाजाने जास्त घेते. कायदा मात्र स्पष्ट आहे. अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' यादीतील औषधांसाठी तर रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. पाकिटावरची उभी लाल रेष हीच खूण सांगते. ही रेष आपल्या प्रत्येक घराला ओळखता आली पाहिजे.

डॉक्टरांना विचारण्याची भीड बाळगू नये. हा आजार जिवाणूंचा आहे का, गोळी किती वेळा आणि किती दिवस घ्यायची, जेवणाआधी की नंतर, हे विचारून घ्यावे. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठले असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा दुसरी औषधे चालू असतील तर ते आधी सांगावे. काही गोळ्या दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतल्या तर लागू पडत नाहीत. म्हणून गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये आणि राहिलेली मात्रा भरून काढायला दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. मुलांचे पातळ औषध उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवावे, दर वेळी हलवावे, मापानेच पाजावे आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपले की उरलेले वापरू नये. गोळी घेतल्यावर तोंड सुजले, धाप लागली किंवा अंगभर पुरळ उठले तर औषध थांबवून पाकीट हातात घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. दोन आठवडे खोकला असेल तर मेडिकलच्या गोळ्यांवर वेळ न घालवता थुंकीची तपासणी करून घ्यावी.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात पूर्ण दिवसांच्या गोळ्या मागणे ही याचना नव्हे, तो आपला हक्क आहे. गोळ्या नसतील तर ग्रामसभेत जाब विचारला पाहिजे. शिकलेल्या तरुणांनी विहारात, समाजमंदिरात एक संध्याकाळ या विषयाला द्यावी आणि आशाताईंना बोलवावे. उसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांना लाल रेष दाखवावी.

औषध अजून आपल्या हातात आहे. ते आपल्या नातवंडांच्या हातातही राहावे, एवढी काळजी आजच घेतली पाहिजे.