संगणकाचे बिऱ्हाड बदलताना

नोकरीतील बदल्यांमुळे ज्यांना परप्रांतांत वारंवार बिऱ्हाडे हलवावी लागली आहेत, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कपाट, पलंग, शिवणयंत्र असले जड सामान सहसा हरवत नाही. हरवते ते लहानसहान : एखादी किल्ली, शिधापत्रिका, आईच्या हातची पाककृतींची वही. घरातील संगणकाची कार्यप्रणाली बदलणे हेही असेच एक बिऱ्हाड बदलणे आहे, आणि त्यातही जपावयाचे असते ते हेच लहानसहान.

कार्यप्रणाली, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, संगणकाच्या घरातील कारभारीण होय. कळफलक, पडदा, प्रिंटर आणि हार्ड डिस्क ह्यांच्याकडून कामे करवून घ्यावयाची आणि कोणती वस्तू कोठे ठेवली आहे ह्याचा हिशेब राखावयाचा, हे तिचे काम. विंडोज ही कार्यप्रणाली बहुतेकांच्या परिचयाची आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. अकरावी आवृत्ती अनेक जुन्या संगणकांना स्वीकारीत नाही. साहजिकच कित्येक घरांत प्रश्न उभा राहिला : चालता-बोलता संगणक भंगारात काढावयाचा काय?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर मुक्तस्रोत कार्यप्रणालींत आहे. ज्या प्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येते, ती मुक्तस्रोत. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लोकांपुढे ठेवला. ह्या दोहोंच्या संयोगातून पुढे अनेक घराणी निर्माण झाली. १९९३ मध्ये डेबियन आली, तिच्या आधारे २००४ मध्ये उबंटू, आणि उबंटूच्या आधारे २००६ मध्ये लिनक्स मिंट. आजी, मुलगी आणि नात असेच हे नाते म्हणावयास हरकत नाही. म्हणूनच एका घरची सवय असलेल्यास दुसऱ्या घरी फारसे परके वाटत नाही.

आपल्या देशालाही हा मार्ग नवा नाही. सी-डॅकने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली तयार केली. केरळातील सरकारी शाळांत विद्यार्थी अनेक वर्षांपासून मुक्तस्रोत प्रणालींवरच संगणक शिकत आले आहेत. शासकीय कामकाजात मुक्तस्रोत साधनांचा स्वीकार व्हावा, असे धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले. तथापि सर्वत्र यशच आले असे नाही. जर्मनीतील म्यूनिक शहराच्या नगरपालिकेने मोठ्या कष्टाने हजारो संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. केवळ प्रणाली चांगली असून भागत नाही. वापरणाऱ्या माणसांचीही तयारी लागते.

आता थोडे स्वतःविषयी. २०१६ साली मी घरचा संगणक विंडोजवरून उबंटूवर नेला. उत्साह मोठा होता. सर्व फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या, हार्ड डिस्क पुसून टाकली आणि नवी प्रणाली बसविली. चारच दिवसांनी वडिलांच्या आठवणींची फाइल उघडली, तो पडद्यावर नुसती निरर्थक रोमन अक्षरे! निवृत्तीनंतर वडिलांनी सांगितलेल्या त्या आठवणी मी शाळकरी वयात स्वतः टंकल्या होत्या. नव्वद पाने. वडील तेव्हा हयात नव्हते. पुन्हा विचारावे कोणाला?

फाइल बिघडली नव्हती. त्या काळचे अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवीत. फॉन्ट नसला की मागे राही ते केवळ रोमन. मी फाइली आणल्या, परंतु फॉन्ट जुन्या घरीच राहिला, आणि ते घर मी स्वतःच्या हाताने पाडले होते. ज्या टंकलेखन केंद्रातून तो फॉन्ट आणला होता, तेथील एका जुन्या संगणकात तो चार महिन्यांनी सापडला. मग ती नव्वद पाने युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकेक ओळ तपासली. आपल्या घरीही जुने मराठी दस्तऐवज असतील, तर प्रथम ते युनिकोडमध्ये आणा, छापून पाहा, आणि मगच पुढचे पाऊल टाका.

२०२५ साली दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलविण्याची वेळ आली. माझ्याकडील उबंटूच्या २०.०४ ह्या आवृत्तीची पाच वर्षांची नेहमीची मुदत त्या वर्षी मे महिन्यात संपली, आणि नवी आवृत्ती चार गिगाबाइट स्मृतीच्या माझ्या संगणकास जड जाऊ लागली. म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडली. मिंटला किमान दोन गिगाबाइट स्मृती पुरते. चार असल्यास काम सुखाने चालते. तिच्या बाविसाव्या मालिकेस २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

ह्या खेपेस घाई केली नाही. आपणही पुढील क्रम पाळावा.

प्रथम सर्व फाइलींच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या, आणि त्या उघडून पाहाव्या. लिनक्समध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या नावांच्या फाइली दृष्टीआड असतात. ब्राउझरच्या खुणा आणि टपाल बहुधा त्यांतच दडलेले असते. त्याही घ्याव्या.

दुसरे, नवी प्रणाली तिच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवून घ्यावी, तिची पडताळणी-संख्या जुळवून पाहावी आणि आठ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर ती चढवावी.

तिसरे, आणि सर्वांत उपयुक्त : संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता नवी प्रणाली वापरून पाहता येते. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे घरातील सर्वांनी तासभर पाहावे. नवे घर भाड्याने घेण्यापूर्वी नळाला पाणी येते का हे आपण पाहतोच ना!

चौथे, प्रणाली बसविताना ‘डिस्क पुसा’ आणि ‘शेजारी बसवा’ असे पर्याय पुढे येतात. येथे थांबून दोनदा वाचावे. घरात कोणाचे कार्यालयीन काम केवळ विंडोजवरच चालणाऱ्या एखाद्या साधनावर अवलंबून असेल, तर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवणेच शहाणपणाचे.

शेवटी मराठी. इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाणित कळरचना ह्या प्रणालींत आधीपासूनच असते; सेटिंगमध्ये जाऊन ती जोडावयाची, एवढेच. ही कळरचना भारतीय लिप्यांना समान असल्यामुळे, बंगळूरच्या शेजघरी कन्नड टंकणाऱ्या मुलीस आणि आपल्या घरी मराठी टंकणाऱ्या मुलास ‘क’ एकाच कळीवर सापडतो.

दुसऱ्या खेपेचे माझे काम एका रविवारच्या दुपारी उरकले. संध्याकाळी सर्वप्रथम वडिलांची फाइल उघडली. पहिले पान, पहिली ओळ; सारी अक्षरे आपापल्या जागी होती. मग आईने पुढे सरकून दोन पाने मोठ्याने वाचली, आणि बिऱ्हाड लागले असे वाटले.