एक दस्ता, दोन नळ्या आणि एक दुर्बीण

शिकार हा विषय आपल्याकडे आता आठवणींचा झाला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे शौकापायी होणारी शिकार भारतात बंद झाली. जर्मनी, ऑस्ट्रिया, फिनलंड यांसारख्या देशांत मात्र शिकार हा आजही ग्रामीण जीवनाचा कायद्याने बांधलेला भाग आहे. जर्मनीत शिकारीचा परवाना मिळवायचा तर प्राणिशास्त्र, शस्त्रे, कायदा आणि मांसाची स्वच्छता अशा विषयांची परीक्षा द्यावी लागते. ती इतकी अवघड मानली जाते, की लोक तिला गमतीने 'हिरवी शालान्त परीक्षा' म्हणतात. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो शस्त्राचा. ससा, कोल्हा, रानकोंबडा यांसारख्या लहान सावजासाठी बंदूक घ्यावी की रायफल? या प्रश्नाला मध्य युरोपने दिलेले उत्तर मोठे मजेदार आहे : दोन्ही घ्या, पण एकाच दस्त्यावर.

दोन शस्त्रांची गरज का?

छर्र्यांची बंदूक आणि रायफल यांची कामे मुळातच वेगळी आहेत. बारा बोअरच्या काडतुसातून सुटणाऱ्या शेकडो छर्र्यांचा थवा हवेत पसरत जातो. त्यामुळे धावता ससा किंवा उडता पक्षी टिपता येतो. पण पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे हा थवा विरळ होतो, छर्रे मंदावतात आणि सावज मरण्याऐवजी जखमी होऊन झुडपात नाहीसे होते. रायफलच्या नळीत आतून सर्पिल खाचा असतात. त्या गोळीला गिरकी देतात आणि ती दूरवर सरळ जाते. स्थिर बसलेला कोल्हा दीडशे मीटरवरून नेमका टिपता येतो, मात्र धावत्या सशापुढे रायफल जवळजवळ निरुपयोगी ठरते.

शेताच्या बांधावर सायंकाळी बसलेल्या शिकाऱ्यासमोर यांतील काय येईल, हे आधी सांगता येत नाही. पंचवीस मीटरवर ससा येईल, नाही तर शंभर मीटरवर कोल्हा. खांद्यावर दोन शस्त्रे वागवणे शक्य नसते. यातूनच संयुक्त बंदुकीचा जन्म झाला. एकावर एक अशा दोन नळ्या असलेला प्रकार सर्वाधिक प्रचलित आहे. छर्र्यांच्या दोन नळ्या आणि खाली एक रायफलची नळी अशा तीननळी बंदुकीला जर्मन भाषेत 'ड्रिलिंग' म्हणतात. जर्मनीतील झूल आणि ऑस्ट्रियातील फेर्लाख ही गावे याच कारागिरीसाठी ओळखली जातात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने वैमानिकांना संकटकाळी वापरण्यासाठी जे. पी. झाउअर या कारखान्याच्या ड्रिलिंग दिल्या होत्या. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीची 'मॉडेल २४' ही साधी, स्वस्त दोननळी १९५० पासून कित्येक दशके शेतकऱ्यांच्या घरी नांदली.

याच गरजेला भारतात एक वेगळे उत्तर मिळाले होते. उंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे कर्नल फॉसबेरी यांनी १८८५ साली 'पॅराडॉक्स' नळीचे पेटंट घेतले. ही नळी बहुतांशी गुळगुळीत असे. फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत खाचा असत. त्यामुळे एकाच नळीतून छर्रेही झाडता येत आणि जड गोळीही. हॉलंड अँड हॉलंडने बनवलेल्या या बंदुका ब्रिटिश भारतात विशेष लोकप्रिय होत्या.

गोळीचा आकार कायदा ठरवतो

संयुक्त बंदूक निवडताना नवखा माणूस आधी नक्षीकाम पाहतो. जाणता माणूस रायफलच्या नळीचे कॅलिबर पाहतो. नेमके सावज कोणते, यावर ते अवलंबून असते. केवळ ससे आणि रानससे मारायचे असतील तर .२२ लाँग रायफल हे छोटे काडतूस पुरते. त्याचा आवाज कमी, किंमत कमी आणि मांसाची नासाडीही कमी. परंतु त्याचा उपयोगी पल्ला पन्नास ते पंच्याहत्तर मीटरच. कोल्ह्यासाठी .२२ हॉर्नेट अधिक योग्य. ते दीडशे मीटरपर्यंत भरवशाचे मानले जाते.

जर्मनीत मात्र आणखी एक मेख आहे. तिथल्या शेतांत 'रे' जातीचे छोटे हरीणही असते. खूर असलेल्या जनावरावर छर्रे झाडण्यास जर्मन शिकार कायद्याने मनाई आहे. शिवाय या हरणावर झाडायच्या गोळीत शंभर मीटर अंतरावर किमान १००० ज्यूल ऊर्जा शिल्लक असली पाहिजे, असा दंडक आहे. हॉर्नेटच्या गोळीत नळीतून सुटतानाच साधारण तेवढी ऊर्जा असते. शंभर मीटरवर ती निम्म्याच्या आसपास उरते. म्हणजे कोल्ह्यासाठी उत्तम असलेली नळी हरणासाठी बेकायदा ठरते. म्हणूनच ज्याला दोन्ही साधायचे आहे, तो ५.६ × ५० आर मॅग्नम यांसारखे अधिक ताकदीचे काडतूस निवडतो. यातील 'आर' हे अक्षर बुडाशी कड असलेले काडतूस दर्शवते. मध्ये मोडून भरायच्या बंदुकीत रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या खिट्टीला ही कड पकडता येते. म्हणून अशा बंदुकीत कडेचे काडतूस अधिक भरवशाचे.

तापलेली नळी आणि भरकटणारी गोळी

संयुक्त बंदुकीचा खरा दोष वरून दिसत नाही. जुन्या पद्धतीत दोन्ही नळ्या एकमेकींना पूर्ण लांबीभर झाळून जोडलेल्या असतात. रायफलची नळी गोळीबाराने तापली की प्रसरण पावते. थंड राहिलेली दुसरी नळी तिला प्रसरण पावू देत नाही. परिणामी जोडनळी किंचित वाकते आणि पुढची गोळी आधीच्या जागेपासून सरकते. तिसरी, चौथी गोळी आणखी दूर जाते. नवखा मालक निशाणाच्या कागदावर हे पाहून दुर्बिणीला दोष देतो आणि तिचे स्क्रू फिरवत बसतो. प्रत्यक्षात दोष उष्णतेचा असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, रायफलची नळी पुढच्या टोकाशी मोकळी सोडलेली बंदूक घेणे. अलीकडच्या अनेक नमुन्यांत ही सोय असते. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे : नेम जुळवताना प्रत्येक गोळीनंतर नळी पूर्ण थंड होऊ द्यावी. शिकारीत पहिलीच गोळी महत्त्वाची, आणि ती थंड नळीतूनच सुटते.

जुनी बंदूक विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. युरोपीय संघाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्या सभोवतालच्या शंभर मीटरच्या पट्ट्यात शिशाच्या छर्र्यांवर बंदी घातली आहे. डेन्मार्कने तर शिशाचे छर्रे १९९६ सालीच सर्वत्र बंद केले. पर्याय म्हणून येणारे पोलादी छर्रे कठीण असतात. आजोबांच्या काळातील पातळ भिंतीच्या आणि तोंडाशी जास्त आवळलेल्या नळीला ते इजा करू शकतात. तेव्हा पोलादी छर्र्यांसाठी नळी तपासली गेल्याचा शिक्का आहे की नाही, हे पाहूनच पैसे मोजावेत.

दुर्बीण : मोठी नव्हे, योग्य

आता दुर्बिणीकडे वळू. येथे 'जितकी मोठी तितकी चांगली' हा समज महागात पडतो. आठ पट मोठे दाखवणारी, ५६ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण संधिप्रकाशात उत्तम चित्र देते, यात शंका नाही. पण तिचे भिंग मोठे, म्हणून ती नळीपासून उंच बसवावी लागते. उंच दुर्बिणीत पाहायचे तर गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. छर्र्यांची बंदूक तर गाल दस्त्याला घट्ट टेकवूनच चालवायची असते. तिथे डोळा हाच मागचा नेम. गाल उचलला की नेम चुकलाच.

म्हणून अशा बंदुकीसाठी दीड ते सहा पट, ४२ मिलिमीटर भिंग अशा मापाची दुर्बीण हा समतोल पर्याय ठरतो. दीड पटीवर दृष्टिक्षेत्र विस्तीर्ण असते. दोन्ही डोळे उघडे ठेवून जवळचे सावज टिपता येते. सहा पटीवर भिंगाचा व्यास भागिले पटी, म्हणजे ४२ भागिले ६, असा सात मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तितकीच विस्फारते. वयानुसार ती कमी उघडते. पन्नाशी ओलांडलेल्या शिकाऱ्याला त्याहून मोठ्या झोताचा काही लाभ होत नाही.

दोन बारकावे सहसा दुकानात सांगितले जात नाहीत. पहिला, दृष्टिभ्रमाचा. डोळा मध्यापासून जरा हलला की दुर्बिणीतील फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा शंभर मीटरवर, तर .२२ साठीच्या पन्नासच्या आसपास या दोषातून मुक्त केलेल्या असतात. सशाचे डोके काही सेंटिमीटरचेच. तिथे हा फरक जाणवतो. दुसरा, उंचीचा. अनेक युरोपीय दोननळींत रायफलची नळी खाली असते. दुर्बीण तिच्यापासून सहा-सात सेंटिमीटर वर येते. शंभर मीटरवर जुळवलेली बंदूक पंधरा मीटरवर कित्येक सेंटिमीटर खाली मारते. जवळच्या सावजासाठी हा हिशेब आधीच कागदावर पक्का करावा लागतो.

याखेरीज दुर्बीण काढता-घालता येणारी हवी. उडत्या पक्ष्यांच्या दिवशी ती खिशात गेली पाहिजे आणि सायंकाळी परत बसवल्यावर नेम तोच राहिला पाहिजे. झूलच्या कारागिरांची हाताने घासून बसवलेली आकड्यांची बैठक यासाठी नावाजलेली आहे, पण ती खर्चिक. बैठक कोणतीही असो, कसोटी एकच : गोळी झाडा, दुर्बीण काढा, परत बसवा, पुन्हा झाडा. दोन्ही छिद्रे शेजारी पडली तरच सौदा करावा.

शेवटचा निर्णय हाताचा

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्रात नसून घाईत असतो. ड्रिलिंगमध्ये पुढचा चाप छर्र्यांच्या नळीचा की रायफलचा, हे एका छोट्या खटक्यावर ठरते. खटका चुकीच्या जागी राहिला आणि समोर पक्षी उडाला, तर छर्र्यांऐवजी गोळी आकाशात जाते. छर्रे किती दूर जातात याचा जर्मन शिकारी सोपा हिशेब करतात : छर्र्याचा मिलिमीटरमधला व्यास गुणिले शंभर मीटर, म्हणजे तीन मिलिमीटरचा छर्रा तीनशे मीटर. साध्या .२२ ची गोळी मात्र दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, मोठ्या काडतुसाची त्याहून कितीतरी पुढे. गोळीमागे मातीचा बांध नसेल तर रायफलची नळी वापरायचीच नाही, हा नियम तिथे परीक्षेतच शिकवला जातो.

थोडक्यात सांगायचे तर निवडीचा क्रम असा : आधी सावज आणि कायदा, मग काडतूस, मग नळ्यांची जोडणी, आणि सर्वांत शेवटी दुर्बीण. आणि त्यानंतरही उरतो तो सराव. कोणत्या चापाला कोणती नळी, हे हाताला अंधारातही कळले पाहिजे. एका दस्त्यावर दोन शस्त्रे घेणाऱ्याने दोन्ही शस्त्रांची जबाबदारीही घेतलेली असते. जखमी होऊन झुडपात गेलेले सावज, किंवा बांधापलीकडच्या रस्त्यावर पोहोचलेली गोळी, यांची भरपाई कोणत्याही किमतीच्या दुर्बिणीने होत नाही.