कोरून काढलेला तारा

नाताळचे कार्ड घरी करायचे म्हटले, की बहुतेक जण रंगपेटी काढतात. आज आपण कोरणी हातात घेऊ. लिनोवर एकच ठसा कोरायचा आणि त्यातून हवी तितकी कार्डे छापायची. कृती सोपी आहे; पण तिच्यात विचाराची एक गोम आहे, आणि आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेले, त्यामुळे ती सांगितल्याशिवाय आम्हाला राहवणार नाही.

लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाचा भुसा यांचा थर, पाठीला तागाचे कापड. ज्याची आपण चटणी करतो, तेच हे जवस! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने ते जमिनीवर अंथरण्यासाठी तयार केले. चित्रकारांनी ते पुढे उचलले.

तुकडा थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडतो. चित्र ट्रेसिंग कागदावर काढा, कागद पालथा घालून लिनोवर घासा. बारीक रेषेला व्ही आकाराची कोरणी, मोठी जागा काढायला यू आकाराची. कोरणी अंगापासून दूर ढकलायची आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे. मग काचेवर शाई रोलरने पातळ पसरा, ठशावर फिरवा, कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने सगळीकडे घासा.

आता गोम. आपण जे कोरतो, तिथे शाई लागत नाही. ते पांढरे उमटते. म्हणजे तारा हवा असेल, तर ताऱ्याची जागा काढून टाकायची. वैशेषिकांनी पुढे ‘अभाव’ हाही सातवा पदार्थ मानला. त्यातला प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचा अभाव, त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. लिनोवर हे हाताला कळते. निघालेला कपटा परत बसत नाही. म्हणून कोरण्याआधी ठरवावे लागते, की काय ठेवायचे.

अक्षरांचेही तसेच. ‘शांती’ कोरताना दीर्घ वेलांटी ठशावर डाव्या बाजूला येते, ऱ्हस्व असल्यासारखी दिसते. ती ‘सुधारायला’ जाऊ नका; कागदावर ती बरोबर उमटेल.

मग काय ठेवायचे? बर्फ आणि सूचिपर्णी झाड ही दुसऱ्या हवामानाची चित्रे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात होड्या आहेत, जाळी आहेत, वाळत घातलेले बोंबील आहेत. आणि बायबलमधल्या येशूचे पहिले शिष्य मासेमारच होते! होडीवर एक तारा, एवढे पुरे.

आपल्या शेजारी अंधेरीत चित्तप्रसाद भट्टाचार्य अनेक वर्षे राहिले. राबणाऱ्या मुलांची लिनोचित्रे त्यांनी केली. त्या मालिकेचे नाव ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’, परीकथा नसलेले देवदूत. पंख काढून टाकले, मूल ठेवले. देवदूत कुठे शोधायचा, हे त्यांनी ठरवले होते. कार्ड करणाऱ्यालाही ते ठरवावेच लागते, मग कार्ड तळहाताएवढे का असेना.

एक व्यवहाराची गोष्ट. तेलाची शाई समुद्राच्या दमट हवेत लवकर वाळत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच छापा, कार्डे दोरीवर चिमट्यांनी टांगा, आणि बोटाला डाग लागेनासा झाला की मगच पाकिटात घाला.