महागडा फोन बदलायचा? आधी खतावणी उघडा

व्यापारी बांधवांच्या बैठकीत हल्ली कापसाच्या भावाइतकीच चर्चा मोबाइल फोनची होते. ज्याच्या हातात सॅमसंगचा गॅलेक्सी आहे त्याला आयफोन खुणावतो, आणि ज्याच्याकडे आयफोन आहे त्याचे मन गॅलेक्सीचा कॅमेरा पाहून चाळवते. सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात ही चैन कशाला, असे कोणी म्हणेल. पण कापडाच्या धंद्यात फोन ही आता चैन राहिलेली नाही. सुरतेचा व्यापारी नवा माल फोटोतून दाखवतो, मालेगाव-भिवंडीचा भाव फोनवर ठरतो, गिऱ्हाईक पैसे क्यूआर कोडवर टाकते. चांगला फोन दुकानाला लागतोच. पण चालू असलेला एक महाग फोन सोडून दुसऱ्या कंपनीचा तितकाच महाग फोन घ्यावा का, याचा विचार आपण मालाच्या खरेदीसारखाच केला पाहिजे.

भांडवलाचा प्रश्न

गॅलेक्सी एस २५ जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत ८०,९९९ रुपये होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ ची सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये होती. म्हणजे दोन्हीकडे रक्कम जवळपास सारखीच.

हीच रक्कम मालात घातली तर काय होते ते पाहा. समजा ८०,००० रुपयांचा माल वर्षातून तीन वेळा फिरला आणि दर फेरीला शेकडा दहा सुटले, तर वर्षाला २४,००० रुपये होतात. रमजान ईदच्या आधी तर हेच भांडवल सर्वांत जास्त कमावते. त्यामुळे फोनची खरी किंमत बिलावरच्या आकड्यापेक्षा मोठी असते. जुन्या फोनचे किती येतील, हेही आधी विचारून घ्यावे. जुन्या बाजारात आयफोनचा भाव इतर फोनच्या मानाने कमी उतरतो, हा अनुभव सर्वत्र आहे. म्हणून आयफोन सोडणाऱ्याला हाती थोडे जास्त पडतात, तर गॅलेक्सी सोडणाऱ्याला पदरचे जास्त घालावे लागतात.

बिनव्याजी हप्त्याचे गौडबंगाल

दुकानदार म्हणतो, "शेठ, रोख कशाला? बिनव्याजी हप्ते करून देतो." मुसलमान व्यापाऱ्याने येथे थांबून विचार करावा. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवलेले असते. त्यानंतर नाव बदलले, पद्धत थोडी बदलली. आता क्रेडिट कार्डाच्या "नो कॉस्ट" हप्त्यात बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून बेरीज सारखी दिसते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र गिऱ्हाईकालाच भरावा लागतो. व्याज ५,००० रुपये असेल तर ९०० रुपये कर, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे.

म्हणजे कागदावर कर्ज आहे, व्याज आहे, आणि त्यावरचा कर आपल्या खिशातून जातो. असा व्यवहार कोणत्या सदरात बसतो हे आपल्या भरवशाच्या आलिमांना कागद दाखवून विचारावे. आमचे मत सरळ आहे. जो फोन रोखीने घेता येत नाही तो आपल्या ऐपतीचा नाही. दिखाव्यासाठी घेतला तर तो इस्राफ आहे, आणि त्यात बरकत शोधू नये.

पक्के बिल घ्या

मोबाइल फोनवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. ८२,९०० रुपयांच्या बिलात सुमारे १२,६४६ रुपये कराचे असतात. जे बांधव नियमित पद्धतीने जीएसटी भरतात, त्यांनी धंद्यासाठी घेतलेल्या फोनचे बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे. धंद्याच्या वापरापुरती कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना ती मिळत नाही. फोन घरातली मुले वापरणार आणि वजावट दुकान घेणार, हे मात्र प्रामाणिकपणाचे नाही.

कापडवाल्याने काय तपासावे

वर्तमानपत्रातील जाहिराती कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर बोलतात. आपल्याला हवा रंगाचा खरेपणा. मोरपंखी साडी फोटोत निळी दिसली तर माल परत येतो आणि भाड्याचा भुर्दंड बसतो. गॅलेक्सीच्या पडद्याला "व्हिव्हिड" आणि "नॅचरल" अशा दोन तऱ्हा असतात. "व्हिव्हिड"मध्ये रंग भडक दिसतात, म्हणून माल पाहताना "नॅचरल" ठेवावे. आयफोनमध्ये "ट्रू टोन" चालू असेल तर खोलीतील उजेडानुसार पडद्याचा रंग बदलतो. शेड जुळवताना ते बंद करावे. दुकानात दोन्ही फोनवर एकाच कापडाचा फोटो काढावा, एकदा ट्यूबलाइटखाली आणि एकदा दाराबाहेरच्या उजेडात, आणि कापड शेजारी धरून पाहावे. बारीक चौकड्यांच्या कापडाचाही फोटो काढावा. त्यावर लाटा उमटतात का ते दिसेल. जरदोजी आणि भरतकाम करणाऱ्या कारागिरांनी टाक्याचा जवळून फोटो काढून पाहावा.

आयफोन फोटो वेगळ्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवतो. छपाईवाल्याच्या जुन्या संगणकावर ती कधी कधी उघडत नाही. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅटखाली "मोस्ट कम्पॅटिबल" निवडले की ही अडचण दूर होते.

दुसरी बाब दोन नंबरांची. भारतात विकल्या जाणाऱ्या गॅलेक्सी एस २५ मध्ये दोन सिमकार्डे बसतात. आयफोन १७ मध्ये एक कार्ड बसते आणि दुसरा नंबर ई-सिमवर घ्यावा लागतो. कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालणे दोन मिनिटांचे काम आहे. ई-सिम हलवणे तितके सोपे नाही.

तिसरी बाब बोलणे नोंदवण्याची. गॅलेक्सीत ही सोय आधीपासून आहे. आयफोनमध्ये ती २०२४ मध्ये आली आणि नोंद सुरू होताच समोरच्याला आवाजात सूचना मिळते. तोंडी सौद्यात नोंद उपयोगी पडते, पण समोरच्याला सांगून करावी. बोलणे हीसुद्धा अमानत आहे.

उर्दू वाचणाऱ्या बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. आयफोनवर उर्दू मजकूर नस्तालीक वळणात दिसतो, डोळ्याला सुख वाटते. दुसरा फोन घेताना दुकानातच एक ओळ उर्दूत लिहून पाहावी.

टिकाऊपणा आणि दुरुस्ती

सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस २४ पासून सात वर्षे नवी आवृत्ती आणि सुरक्षा देण्याचे जाहीर केले. ॲपलनेही जुने फोन बरीच वर्षे सांभाळले आहेत. सप्टेंबर २०२५ ची आवृत्ती २०१९ च्या आयफोन ११ ला मिळाली, २०१८ चे फोन मात्र गळाले. यावरून दोन-तीन वर्षांचा चांगला फोन जुना झाला असे मानण्याचे कारण नाही. बॅटरी लवकर उतरत असेल तर अधिकृत केंद्रात ती बदलून घ्यावी.

आपल्या विदर्भात उन्हाळा मोठा शत्रू. ॲपल शून्य ते ३५ अंश तापमानात फोन वापरण्यास सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ कडे जातो. बाजारच्या दिवशी पालाखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत फोन ठेवू नये, मग कंपनी कोणतीही असो.

सॅमसंगने २०१६ मध्ये खेड्यापाड्यांसाठी फिरत्या दुरुस्ती गाड्या सुरू केल्या होत्या. तरीही फोन घेण्याआधी शेगाव, खामगाव, अकोट, अकोला यांपैकी कोठे त्या कंपनीचे अधिकृत केंद्र आहे, हे स्वतः विचारून घ्यावे. दुरुस्तीसाठी दोन चकरा म्हणजे दुकानाचे दोन दिवस.

बदलायचेच ठरले तर

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आपली अर्धी खतावणी असते. गॅलेक्सीची गूगलवर ठेवलेली प्रत आयफोनवर उघडत नाही आणि आयफोनची आयक्लाउडवरची प्रत गॅलेक्सीवर उघडत नाही. आयफोनकडून सॅमसंगकडे २०२१ पासून आणि अँड्रॉइडकडून आयफोनकडे २०२२ पासून जुनी बोलणी नेण्याची सोय झाली आहे, पण नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच ती केलेली बरी. उधारीचे आकडे आधी वहीत उतरवून घ्यावेत.

यूपीआय सिम आणि फोन या दोहोंशी बांधलेले असते. फोन बदलल्यावर अनेक बँकांत अँड्रॉइडवर २४ तास आणि आयफोनवर ७२ तास फक्त ५,००० रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. म्हणून माल आणण्याच्या किंवा सणाच्या आठवड्यात फोन बदलू नये. जुना फोन विकण्यापूर्वी त्यातील ॲपल किंवा गूगल खाते काढून टाकावे, नाही तर घेणाऱ्याला फोन कुलूपबंद मिळतो आणि तो भांडायला आपल्याच दुकानात येतो. किमान पंधरा दिवस दोन्ही फोन जवळ ठेवावेत.

आमचा निर्णय

आम्ही दोन नंबर वापरतो, तोंडी सौदे करतो आणि दुरुस्तीसाठी दूर जाणे परवडत नाही. या हिशेबाने आमच्यासाठी गॅलेक्सीच ठीक आहे, आणि आहे तोच चालवायचा असे ठरवले आहे. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनीही तो चालेल तोवर चालवावा. फोन खरोखर बंद पडला, त्याला सुरक्षा मिळणे थांबले, किंवा रंग व नंबर यांच्या अडचणीने धंद्याचे नुकसान होत असेल, तरच कंपनी बदलावी.

नोकियाचा तमिळनाडूतील कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, ब्लॅकबेरीची जुनी सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबली. एके काळी ही दोन्ही नावे मोठ्या व्यापाऱ्यांची शान होती. नावे येतात आणि जातात. गिऱ्हाईक आपल्याकडे येते ते खऱ्या मापासाठी, खऱ्या रंगासाठी आणि दिलेल्या शब्दासाठी. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो.