नैराश्यरोधी औषधे

नैराश्यरोधी औषधे अर्थात अँटिडिप्रेसंट ही मध्यम ते तीव्र नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ आणि काही दीर्घकालीन वेदनांवर वापरली जाणारी औषधे होत. त्यांच्या निरनिराळ्या वर्गांची परिणामकारकता सरासरीने फारशी भिन्न नाही. मुख्य भेद दुष्परिणामांत आणि धोक्यांत आढळतो. त्यामुळे औषधाची निवड रुग्णाचे वय, इतर आजार आणि चालू औषधे पाहून केली जाते.

इतिहास

या औषधांचा उगम क्षयरोगाच्या उपचारांत आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड दिलेल्या क्षयरुग्णांची मनःस्थिती सुधारल्याचे दिसले. १९५७ साली स्विस मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांनी इमिप्रामिनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईच्या गोरेगाव उपनगरातील सिबा संशोधन केंद्रात रसायनशास्त्रज्ञ कुप्पुस्वामी नागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रॉक्साझेपिन हे त्रिचक्रीय औषध विकसित केले. ते १९८२ मध्ये 'सिंटामिल' या नावाने भारतात उपलब्ध झाले.

कार्यपद्धती

चेतापेशी सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन यांसारखी रसायने दोन पेशींमधील फटीत सोडून संदेश पोहोचवतात. उरलेले रसायन पेशी परत शोषून घेते किंवा विकरांद्वारे त्याचे विघटन होते. बहुतेक नैराश्यरोधी औषधे यांपैकी एक क्रिया रोखतात. हा बदल काही तासांत घडतो; परंतु मनःस्थितीत स्पष्ट सुधारणा होण्यास साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे केवळ सेरोटोनिनच्या कमतरतेने नैराश्य येते, हे स्पष्टीकरण अपुरे मानले जाते.

वर्ग

मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधके : ही विघटन करणारे विकर रोखतात. हेच विकर आहारातील टायरामिनचेही विघटन करते. त्यामुळे मुरवलेले चीज, टिकवलेले मांस किंवा सोया सॉस खाल्ल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो.

त्रिचक्रीय औषधे : इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन व नायट्रॉक्साझेपिन ही या वर्गातील होत. तोंडास कोरड, बद्धकोष्ठता, मूत्रावरोध आणि उभे राहताना चक्कर हे त्यांचे दुष्परिणाम आहेत. अतिमात्रेत हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. अमिट्रिप्टिलिन अल्प मात्रेत अर्धशिशी व मज्जातंतूंच्या वेदनांवरही देतात.

निवडक सेरोटोनिन पुनर्शोषण रोधके : फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम इत्यादी. अतिमात्रेत ती तुलनेने कमी घातक असल्याने बहुधा प्रथम दिली जातात. मळमळ, निद्रानाश व लैंगिक तक्रारी उद्भवतात. वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटू शकते, तर वेदनाशामकांसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सेरोटोनिन-नॉरॲड्रेनॅलिन पुनर्शोषण रोधके : व्हेन्लाफॅक्सिन व ड्युलोक्सेटिन. यांनी रक्तदाब वाढू शकतो.

इतर : मिर्टाझापिनने झोप व वजन वाढते, ब्युप्रोपियॉनने फिट येण्याचा धोका वाढतो.

समान धोके

सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधे एकत्र आल्यास ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा व संभ्रम ही लक्षणे असलेला जीवघेणा सेरोटोनिन संलक्षण हा विकार होऊ शकतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, खोकल्याच्या औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि औषधप्रतिरोधी क्षयावरील लिनेझोलिड यांच्याबाबत विशेष दक्षता घेतली जाते. लिनेझोलिड हे स्वतः मोनोअमाइन ऑक्सिडेजला काही प्रमाणात रोखते.

उपचारांच्या आरंभी तरुण रुग्णांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. यासंबंधीची ठळक सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये बालके व किशोरांसाठी लागू केली आणि २००७ मध्ये ती २४ वर्षे वयापर्यंत वाढवली. द्विध्रुवी विकार असलेल्यांत उन्मादाचा झटका येऊ शकतो.

औषध थांबवणे

औषध अचानक बंद केल्यास चक्कर, चिडचिड व विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना जाणवते. पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे अधिक आढळते. त्यामुळे वैद्यकीय देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. ही लक्षणे म्हणजे व्यसन नव्हे. मात्र ती मूळ आजार उलटल्यासारखी भासू शकतात.

भारतातील स्थिती

भारतात ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याचे बंधन आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य समुपदेशन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून ती मराठीतही मिळते.